स्कूटरचा स्वेटर

व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं एकदम ओरडलात, "आजी, तुझ्या मागे ते काय आहे?" आणि मी घाईत "स्कूटरचा स्वेटर" एवढंच सांगून फोन बाबाला द्यायला सांगितलं. नंतर मला चुटपुट लागली. इतक्या लांबून, अर्धवट उजेडात, एका मोबाइलच्या पडद्यावर तुम्हाला पिवळं हँडल आणि निळी सीट दिसली असणार, आणि त्यावर आजीचं उत्तर हे असं. म्हणून आता सगळं क्रमाने लिहिते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे माहीत आहे. काही घाई नाही.

मागच्या जुलैत मी आकुर्डीतल्या एका कला संस्थेत हस्तकलेच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. वर्ग फक्त शनिवार-रविवारी. पाटीवर "वयाची अट नाही" असं लिहिलं होतं, तरी फॉर्म देणाऱ्या बाईंनी विचारलंच, "नातीसाठी का?"

"नाही, माझ्यासाठी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं आणि मग स्वतःचं पेन मला दिलं.

वर्गात माझ्या खालोखाल वयाने मोठी मुलगी सव्वीस वर्षांची होती. पहिले दोन महिने मला सगळे मॅडम म्हणायचे. गणपतीत मी सगळ्यांसाठी खिरापत नेली आणि तेव्हापासून मी आजी झाले. सरांचीसुद्धा.

माझ्या शेजारी जी मुलगी बसायची, ती चाकणच्या पलीकडच्या एका खेड्यातली. आठवडाभर ती एका कंपनीत गाड्यांचं वायरिंग बांधायची. लाकडी फळीवर पूर्ण मापाचं चित्र चिकटवलेलं असतं, त्यावर खिळे ठोकलेले असतात, आणि त्या खिळ्यांमधून रंगीत वायरी फिरवून, टेप गुंडाळून जुडगा तयार करायचा. आठ तास उभं राहून. तिची बोटं इतकी चपळ होती की मातीचा हत्ती करायला सांगितला तर ती दोन करून तिसऱ्याची सोंड वळत असायची. कंत्राटावरची नोकरी, कधी संपेल याचा भरवसा नाही. तिच्या गावच्या शाळेतल्या हस्तकलेच्या बाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या आणि मुख्याध्यापिका तिला म्हणाल्या होत्या, "एप्रिलअखेर सर्टिफिकेट आण. जागा तोवर धरून ठेवते, पुढे नाही." हे तिने मला पहिल्याच महिन्यात डबा खाताना सांगितलं होतं, आणि नंतर पुन्हा कधी बोलली नाही. पण शेवटच्या प्रकल्पाचा विषय आला की ती भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसायची, ते मला दिसायचं.

तो प्रकल्प दोघादोघांनी मिळून करायचा होता. सरांनी फळ्यावर एकच ओळ लिहिली: "एखादी कठीण वस्तू मऊ करा." चिकटवायचं नाही, आत काही भरायचं नाही, आणि वस्तू खऱ्या मापाची हवी. जो वेळेत सादर करणार नाही त्याचं सर्टिफिकेट थेट डिसेंबरला. वर्गात लगेच विटा, कुलूप, पाटा-वरवंटा अशी नावं निघाली. मी मनात इस्त्री धरली होती. लहान, आटोपशीर, महिन्याभरात होण्यासारखी.

ती म्हणाली, "आजी, तुमच्या पार्किंगमधी ती स्कूटर हाय ना?"

ती स्कूटर तुम्हाला आठवत असेल. आजोबांची. तुम्ही दोघं लहानपणी आलात की पुढे उभं राहून चौकापर्यंत चक्कर मारायचात आणि उतरायला तयार नसायचात. आजोबा गेल्यापासून ती सोसायटीच्या कोपऱ्यात उभी आहे. ती मी विकली नाही आणि चालवलीही नाही. आठवड्यातून एकदा पुसते मात्र.

"तिला अख्खी विणायची?" मी विचारलं.

"व्हय. किक, आरसा, नंबरप्लेट, समदं. क्रोशानं."

खरं सांगते, मला हसू आलं. पण घरी जाऊन मी टेप घेऊन पार्किंगमध्ये गेले, आणि अर्ध्या तासात माझ्या वहीत स्कूटरचे त्रेचाळीस भाग नंबर देऊन लिहिलेले होते.

इथे मला माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढची चूक तिथूनच आली. मी पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये ट्रेसर होते. इंजिनियर पेन्सिलीने आराखडे काढायचे, ते आम्ही मुली शाईने पारदर्शक कापडावर उतरवायचो. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं अक्षर गोलसर आणि स्वच्छ होतं, त्यामुळे कोपऱ्यातली नावं आणि सूचना माझ्याकडे यायच्या. शाईची रेघ चुकली तर ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची, पण ती जागा कायमची खरखरीत राहायची आणि उजेडात धरली की दिसायची. म्हणून आम्ही चुकायचोच नाही. म्हणजे, चुकू नये म्हणून आधी दहा वेळा मोजायचो. वहीत, कपाटात, डब्यांवर मी अजून नावं आणि तारखा लिहिते आणि तुमचा बाबा मला त्यावरून चिडवतो, त्याचं मूळ हे.

तर मी त्रेचाळीस भागांची त्रेचाळीस ड्रॉइंगं काढली. पूर्ण मापात. प्रत्येकावर नंबर, दोऱ्याचा रंग आणि किती फरक चालेल ते. पत्रा कुठे उघडा दिसू नये म्हणून मी सगळीकडे लिहिलं: एक सेंटीमीटर जास्त चालेल, कमी अजिबात नाही. मुलीने ते पाहिलं आणि तिचे डोळे चमकले. पुढच्या रविवारी ती कंपनीतल्यासारखी एक प्लायवुडची फळीच घेऊन आली. तिच्यावर माझं ड्रॉइंग लावायचं, कडेने खिळे, आणि विणलेला भाग त्या खिळ्यांमध्ये बसला की हिरवी टिकली. नाही बसला तर रिवर्क, म्हणजे पुन्हा करायचा. आम्ही दोघी एका भाषेत बोलणाऱ्या बायका होतो. मला इतकं बरं कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

तिसरी होती माझी धाकटी जाऊ, तुमची दिघीची आजी. क्रोशाचं खरं ज्ञान तिचं. घरातल्या प्रत्येक लग्नाच्या रुखवतातली तोरणं आणि रुमाल तिच्या हातचे असतात. मी तिला मदतीला बोलावलं. ती भोसरीला बस बदलून दर मंगळवारी यायची, चहा घ्यायची आणि आमच्या फळीकडे बघून नाक मुरडायची.

"ताई, बाळाचा स्वेटर बाळाच्या अंगाला लावून बघतात की फूटपट्टीला?"

"अगं, स्कूटर काय वाढणार आहे का? माप ते माप."

"दोरा वाढतो. सुती दोऱ्याला लोंबायची खोड असते. थोडं कमी विणा आणि ओढून बसवा. आणि एकेक भाग आधी घालून तर बघा!"

मी तिला टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, ते समजावून सांगितलं. तिने ते सगळं ऐकून घेतलं, सुई उचलली आणि म्हणाली, "बरं बाई. तुमच्या ऑफिसात लोखंड असेल शहाणं."

मी तिचं ऐकलं नाही. मुलीनेही नाही. कारखान्यात काम केलेल्या माणसाच्या डोक्यात एकच क्रम असतो: आधी सगळे भाग तपासून पास करायचे, मग जोडणी. अर्धवट जोडणी करून बघणं आम्हाला गबाळेपणाचं वाटत होतं. पाच महिने आम्ही तिघी विणत होतो. मध्यापासून सुरू करायचं आणि साखळी, खांब, साखळी, खांब अशा टाक्यांच्या फेऱ्या बाहेर वाढवत न्यायच्या. मुलगी बसमध्ये विणायची, मी दुपारी खिडकीशी. त्रेचाळीस हिरव्या टिकल्या झाल्या तेव्हा मी वहीत सुबकपणे "पूर्ण" असं लिहिलं.

गुरुवारी सादर करायचं होतं. आदल्या रविवारी सकाळी आम्ही दोघींनी पार्किंगमध्ये जोडणी केली. शिवण घालत घालत पुढून मागे आलो. मग चार पावलं मागे जाऊन बघितलं.

पुढचा पत्रा झबल्यासारखा लोंबत होता. सीटला सुरकुत्या. हेडलाइटचं टोपडं नाकावर आलं होतं. स्टेपनीचा तर पोटऱ्यांवर घसरलेला मोजा झाला होता. प्रत्येक भाग पास होता, पण प्रत्येकात ते "थोडं जास्त चालेल" होतं, आणि त्रेचाळीस ठिकाणचं थोडं जास्त एकत्र आल्यावर वीतभर झालं होतं. शिवाय उभ्या लटकलेल्या दोऱ्याने आपलं वजन घातलं ते वेगळंच.

आमचा वॉचमन खुर्ची सोडून जवळ आला. बराच वेळ बघून म्हणाला, "मॅडम, गरम पाण्यात धुतलं तर आकसंल का?"

मुलगी खाली फरशीवर बसली. रडली नाही. हाताची बोटं दुमडून मोजत होती: रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. "न्हाई व्हायचं, आजी," ती म्हणाली. "पाच महिनं लागलं त्याला. चार दिवसांत कसं व्हनार? मुख्याध्यापिका बाईंना सांगून टाकते मी."

"थांब," मी म्हटलं. "आज सांगू नकोस."

मी जावेला फोन लावला. फोन लावताना काय बोलायचं ते मनात जुळवत होते, आणि तिने "हॅलो" म्हणताच ते सगळं विसरून म्हटलं, "तू म्हणालीस तसंच झालं. माझं चुकलं."

ती टोमणा मारणार म्हणून मी तयारच होते. ती म्हणाली, "किती लोंबतंय?"

"वीतभर."

"मग दोन फेऱ्या उसवा प्रत्येकाच्या कडेच्या. नव्यानं कशाला विणताय? विणायला महिने लागतात, उसवायला काय लागतं, टोक ओढलं की आलं. मी निघते."

मी फोन ठेवून मुलीला सांगितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. ती उठली आणि तिने हेडलाइटच्या टोपड्याचं टोक शोधलं. आमच्यापैकी कुणालाही हे सुचलं नव्हतं, कारण आम्ही दोघीही अशा कामातून आलो होतो जिथे झालेलं काम मागे घेता येत नाही. वायर कापली की कापली. शाई पडली की पडली.

सोमवारपासून तिची पहिली पाळी होती. कंपनीची बस आमच्या चौकातून जाते, म्हणून तिने चार दिवस माझ्याकडेच मुक्काम केला. पहाटे माझ्या हातची पोळी-भाजी घेऊन जायची आणि साडेचारला परत आली की हातपाय धुऊन थेट जमिनीवर बसायची. जाऊ तर पिशवी घेऊन राहायलाच आली होती. नियम आता तिचे. मोजायचं नाही. उसवायचं, खाली जायचं, स्कूटरला घालायचं, ओढ बघायची, गाठ मारायची, पुढचा भाग. मी लिफ्टने इतक्या वेळा खालीवर केलं की तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी काळजीने विचारलं, काही हरवलंय का?

"टेप दे बघू," एकदा मी सवयीने म्हणाले.

"टेप मी लपवलाय," जाऊ म्हणाली.

"मावशी, लय भारी केलंत!" मुलगी हसून लोळायची बाकी राहिली.

उसवलेला दोरा कुरळा होतो, शेवयांसारखा. बुधवारी संध्याकाळी सातला शेवटची गाठ मारली तेव्हा माझ्या हॉलमध्ये त्याचा गुडघाभर ढीग होता आणि खाली पार्किंगमध्ये स्कूटर अशी उभी होती की जणू तिला जन्मतःच पिवळी-निळी कातडी आली असावी. आरशावर राखाडी दोरा, किकवर काळा, आणि मागच्या लाल दिव्यासाठी लाल. मी हात लावून बघितला. गार पत्र्याऐवजी हाताला मऊ लागलं. मला आजोबांची आठवण आली आणि त्यांना हे किती वेडगळ वाटलं असतं याचीही. त्यांनी ती नक्की कुणाला तरी दाखवायला नेली असती.

मापांची जुनी फळी आणि हिरव्या टिकल्या लावलेली ड्रॉइंगं मी गॅलरीत डब्यांमागे सारून ठेवली. चूक दुरुस्त झाली होती, ती परीक्षकांना दाखवण्याचं काहीच कारण नव्हतं. निदान माझ्या मते.

गुरुवारी टेम्पोतून स्कूटर आकुर्डीला नेली. सिग्नलला एका वाहतूक पोलिसाने आत डोकावून विचारलं, "काकू, थंडी वाजते का हिला?" जाऊ पुढच्या सीटवरून म्हणाली, "एप्रिलमध्ये? तिला नटायची हौस आहे."

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई उंच, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. त्यांनी स्कूटरभोवती एक फेरी मारली, सीट दाबली, आरशाचं टोपण उचलून आत काही भरलंय का ते बघितलं.

"कुणाचं काम?"

मुलगी म्हणाली, "ड्रॉइंग आजींचं, विणकाम तिघींचं, चूक दोघींची."

मी तिला डोळ्यांनी गप्प राहायला खुणावलं. बाईंनी चष्मा खाली केला. "चूक? कुठे आहे चूक? मला तर दिसत नाही."

"दाखवते मॅडम." आणि तिने टेम्पोच्या ताडपत्रीखालून माझी गॅलरीतली फळी काढली. टिकल्या, ड्रॉइंगं, सगळं. कधी उचलली कोण जाणे. सोबत तिने एक भाग न उसवता ठेवला होता, स्टेपनीचा जुना, ढगळ. उसवलेल्या दोऱ्यातून तिने स्टेपनीसाठी दुसरा भाग नव्याने विणला होता आणि हा तसाच जपून ठेवला होता. नवा काढून तिने हा जुना स्टेपनीवर चढवला. सगळा वर्ग हसायला लागला. ती हसू देत उभी राहिली, मग सांगायला लागली: हे माप बरोबर होतं, ही टिकली पास होती, आणि तरी हे असं का झालं. दोरा कसा लोंबतो ते तिने एक टोक धरून दाखवलं. दोन फेऱ्या तिथेच उसवल्या. पुन्हा चढवलं. घट्ट बसलं.

मी चेहरा सावरून उभी होते, पण ऐकता ऐकता माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. ती फळ्यापाशी उभी असलेली बाई होती. परीक्षेला आलेली मुलगी नव्हती.

"तुला शाळेत शिकवायचंय, असं अर्जात आहे," परीक्षक बाई म्हणाल्या. "मुलांना यातलं काय शिकवशील?"

"आधी घालून बघा, मंग मोजा," ती म्हणाली. "आणि उसवायला लाजू नका. पण मॅडम, पोरं लाजत न्हाईत. ते आमाला मोठ्यांनाच."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

दुपारी तिची आई आणि दोन आत्या गावाहून बघायला आल्या. डोक्यावरचा पदर सावरत त्यांनी स्कूटर पाहिली, शेजारच्या टेबलावरच्या कापडी विटा आणि मऊ कुलपं पाहिली, आणि मोठी आत्या म्हणाली, "कुणाच्या लग्नाचं रुखवत म्हनायचं ह्ये?"

"माझ्या नोकरीचं, आत्या," मुलगी म्हणाली. आईने तिच्या पाठीत एक हलका धपाटा घातला आणि मग तिथेच हात ठेवून उभी राहिली.

निकाल एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी लागला. आम्ही दोघी पास. माझं सर्टिफिकेट मी फाइलमध्ये तारीख घालून लावलंय. तिने तिचं त्याच दिवशी संध्याकाळी मुख्याध्यापिकांच्या घरी नेऊन दिलं, सोमवारची वाट न बघता.

त्यानंतरचे काही दिवस मला हात रिकामे वाटले. खिडकीशी बसल्यावर बोटं आपोआप दोरा शोधायची. पण मन भरलेलं होतं, चांगलं जेवण झाल्यावर आपण थोडा वेळ ताटावरून उठत नाही तसं. स्कूटर परत पार्किंगमध्ये आहे, स्वेटरसकट. जाऊ फोन करून विचारते, "काय म्हणतेय तुमची लेक?" आणि मी सांगते, धूळ बसते, पुढच्या महिन्यात उतरवून धुणार आहे. मला तर वाटतं की धुतल्यावर तो थोडा आकसेल. मी हे जावेला बोलले नाही, कारण ती लगेच म्हणेल की वॉचमनला विचारा.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मुलीने कंपनीचा ॲप्रन आणि गेटपास परत केला. "पास देताना हात जरा अडकला, आजी," ती म्हणाली. पहिल्या दिवशी मी घड्याळाकडे बघत होते. साडेदहाला प्रार्थना, मग हजेरी, मग तिचा तास. अकराला मी स्वतःला बजावलं की फोन करायचा नाही. सव्वाअकराला तिचाच आला. मागे इतका गोंगाट होता की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"काय गं, झालं काय?"

"काय न्हाई आजी. पंचेचाळीस पोरं हायत. दोऱ्याचा पार गुंता करून ठेवलाय. एकानं तर सोताला बाकाला बांधून घेतलंय."

"मग तू काय करते आहेस?"

"मी व्हय?" ती म्हणाली, आणि मला तिचं हसू ऐकू आलं. "मी बसलेय. करू देतेय त्यांना."